रातपाळीच्या माणसांचं चॅनल

आनंदा महाले यांनी पहिल्याच दिवशी माझा अपमान केला होता. त्यांना विचाराल तर ते म्हणतील, मी बाईंना काम समजावून सांगत होतो.

गुजरातेतल्या लिंबायतमध्ये, मागावर काम करणाऱ्या मराठी माणसांच्या वस्तीत, साड्यांच्या गोडाउनच्या वरच्या मजल्यावर आमच्या केबलवाल्याचं स्वतःचं एक चॅनल आहे. दोन खोल्या, एक निळा पडदा, दोन दिवे आणि रेकॉर्डिंगच्या वेळी आवाज नको म्हणून बंद ठेवायचा पंखा. तिथे मी अकरा वर्षं मराठी बातम्या वाचते आहे. पोटापाण्याची नोकरी पालिकेच्या मराठी शाळेत, दुपारी बारा ते पाच. म्हणून बातम्या सकाळी दहाला रेकॉर्ड करायच्या आणि त्या दुपारी अडीचला लागायच्या. पहिल्या दिवशी मी नवी साडी नेसून, केसांना दहा पिना लावून गेले. पडद्यासमोर बसले, तर डाव्या हाताची दोन बोटं नसलेला एक किडकिडीत माणूस दारातून म्हणाला, "बाई, साडी छान आहे. पण अडीच वाजता तुम्हाला कोणी बघणार नाही. नुसतं ऐकतील. आकडे सावकाश वाचा."

मी मनातल्या मनात त्याला दोन शिव्या घातल्या आणि आकडे सावकाश वाचले.

नंतर कळलं की माणूस खरं बोलत होता. अडीच वाजता आमच्या भागातल्या बायका जेवणं उरकून साड्यांना स्टोन लावायला बसतात. मांडीवर साडी, समोर गोंद, आणि डोळे त्या इवल्याशा खड्यांवर. टीव्ही चालू असतो, पण मान वर करायला कोणाला फुरसत? म्हणून आनंदाभाऊंनी दुपारच्या कार्यक्रमांना नियमच घालून दिला होता. 'इकडे बघा', 'असं करायचं', 'एवढंसं घ्यायचं' हे शब्द बंद. आमची दिपाली, जी कॉम्प्युटर सांभाळते आणि अडल्यानडल्या वेळी स्वयंपाकाचा कार्यक्रमही करते, तिने एकदा कॅमेऱ्यापुढे चिमूट धरून "मीठ एवढं" म्हटलं. भाऊ कडाडले. "एवढं म्हणजे केवढं? आपल्या रघुनाथची बायको शांताबाई काय साडी सोडून तुझी बोटं बघत बसणार? पाव चमचा म्हण!"

चॅनलवर कधी काय लागायचं हे भाऊ ठरवायचे. मोठ्या चॅनलांत या कामाला माणसांची फौज असते म्हणतात. इथे हा एकटा माणूस, आठवी पास, रेघा मारलेल्या कागदावर दिवसाचे तास लिहायचा आणि दिपालीच्या हातात द्यायचा. पण आमच्या भागातल्या माणसांचा दिवस त्याला तोंडपाठ होता. सकाळी साडेसहाला दिनपाळीवाला डबा घेऊन निघतो, तेव्हा टीव्ही कोणी लावत नाही, म्हणून तेव्हा भजन. साडेपाचला पोरं शाळेतून येतात आणि रिमोट त्यांच्या हातात जातो, म्हणून तेव्हा आपण लढायचंच नाही, पोरांची चॅनलं लागू द्यायची. दर पंधरा दिवसांनी खात्यातली पाळी बदलते. खातं म्हणजे जिथे माग चालतात ती जागा. मागाला इथे सांचा म्हणतात. पाळी बदलली की घरातलं सगळंच फिरतं, जेवणाची वेळ, झोपेची वेळ, भांडणाची वेळ. म्हणून भाऊ दुपारचा प्रत्येक कार्यक्रम दिवसातून दोनदा लावायचे, म्हणजे पाळी बदललेल्या घराचा धागा तुटत नाही. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. चौदा वर्षं ते स्वतः सांच्यावर होते.

बोटं तिथेच गेली. रातपाळीला पहाटे डुलकी लागली आणि हात पट्ट्यात गेला. त्यानंतर खात्यात त्यांना कोणी ठेवेना. केबलचे मालक धर्मेंद्रभाई गुजराती, मनाने बरे. त्यांनी आधी वायरी ओढायला घेतलं, मग चॅनल निघालं तेव्हा वर बसवलं. "तुमारा लोगों का है, तुम ही संभालो," म्हणाले. भाऊंनी एकोणीस वर्षं सांभाळलं.

त्यातला त्यांचा खरा जीव सकाळच्या आठमध्ये होता. आठ ते साडेनऊ, कार्यक्रमाचं नाव 'सुटली पाळी'. धुळे, नंदुरबार, जळगावकडच्या गावांच्या बातम्या: कोणत्या गावची एसटी बंद झाली, धरणात पाणी किती, यात्रा कधी. मग अहिराणी गाणी. आणि सुरुवातीलाच वीस मिनिटं दोन माणसांची नक्कल, एक मुकादम आणि एक कारागीर. ती भाऊ स्वतः लिहायचे. मुकादमाचं सोंग आमच्याच वायरमनचं, कारागीर भाऊंचा एक भाचा. मी शुद्ध मराठी शिकवणारी बाई, पण त्या नकलेला मीही हसून हसून डोळे पुसलेत.

"बाई, आठ वाजता सगळी दुनिया सुरू होते," भाऊ मला एकदा सांगत होते. "पण रातपाळीच्या माणसाचा दिवस आठला संपतो. त्याची ती संध्याकाळच. मी पाळीवरून येऊन चहाच्या टपरीवर ग्लास धरून उभा राहायचो, आणि समोर टीव्हीत बाबाजी सांगायचे, आज तुमचा दिवस कसा जाईल. अरे बाबा, माझा गेला ना दिवस! आता मला कोणीतरी हसव, दोन गोष्टी गावच्या सांग, मग मी झोपतो. ते कोणालाच सुचलं नाही."

त्यांना सुचलं, आणि मला वाटतं त्यांच्या आयुष्यात त्यांना अभिमानाने सांगण्यासारखी ती एकच गोष्ट होती. मुलगी नंदुरबारला दिलेली, बायको सहा वर्षांमागे गेलेली, रक्तदाबाच्या गोळ्या खिशात. "थकलो बाई" हे त्यांचं पालुपदच होतं. तरी सकाळी पावणेआठला ते दिपालीच्या मागे उभे राहायचे आणि नक्कल सुरू झाली की स्वतःच लिहिलेल्या विनोदाला स्वतःच हसायचे.

तर मागच्या वर्षी धर्मेंद्रभाईंनी एका मोठ्या कंपनीशी भागीदारी केली. त्यांचंही वय झालं, मुलं कापडात गेली. कंपनीने घरोघरी टीव्हीला नव्या पेट्या बसवल्या, इंटरनेटच्या. कोणती पेटी किती वाजता कोणत्या चॅनलवर आहे हे ऑफिसात बसून कळू लागलं. आणि पेट्यांपाठोपाठ पुण्याहून कंपनीचा माणूस अभिजीत आला.

मुलगा वाईट नव्हता. मला मॅडम म्हणायचा, भाऊंना काका, चहा आणला की थँक्यू म्हणायचा. त्याने भिंतीवर एक पांढरा फळा लावला, त्यावर दिवसाचे रंगीत तुकडे पाडले. गृहिणी गुलाबी, तरुण हिरवे, ज्येष्ठ पिवळे, कामगार निळे. सकाळी आठला पिवळा रंग होता. निळा रंग थेट रात्री आठनंतर.

भाऊंनी फळा नीट वाचला. मग विचारलं, "साहेब, हा निळा कोणता कामगार?"

"म्हणजे? कामावरून घरी येणारा. संध्याकाळी."

"आणि सकाळी येतो तो?"

अभिजीत जरा गोंधळला. मग त्याने सगळं समजुतीने सांगितलं. सकाळी आठ ते साडेनऊची वेळ एका गुडघ्याच्या तेलाच्या कंपनीला हवी आहे. दीड तास त्यांचाच कार्यक्रम, बाटली दाखवणार, लोकांना फोन करायला सांगणार. त्या वेळेला म्हातारी माणसं घरात असतात, म्हणजे बरोबर बसतं. 'सुटली पाळी' आवडत असेल तर दुपारी कुठेतरी टाकू.

"दुपारी तो झोपतो," भाऊ म्हणाले.

"काका, मला तुमचा अनुभव मान्य आहे. पण मी अंदाजावर नाही जाऊ शकत. पंधरा दिवस पेट्यांचे आकडे घेऊ. आठला खरंच प्रेक्षक असेल तर कार्यक्रम राहील, शब्द देतो. नसेल तर तेल."

सरळ व्यवहार होता, त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. पण ते पंधरा दिवस भाऊंचे कसे गेले ते मी पाहिलंय. माझ्या बातम्यांत चुका झाल्या तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मी तर एकदा चाळीसच्या जागी चारशे वाचलं, तरी गप्प. एकदा म्हणाले, "बाई, एकोणीस वर्षं मी समजत आलो की ते बघतात. मला कोणी सांगितलं तसं? आठ वाजता मी इथं असतो. त्यांच्या घरी मी कधी गेलो?"

सोळाव्या दिवशी मी पोचले तर अभिजीत उभा, भाऊ खुर्चीत आणि दिपाली पेढ्यांचा पुडा सोडते आहे. आठची वेळ पहिली आली होती! नुसती पहिली नाही, रात्रीच्या सिनेमापेक्षा पुढे. अभिजीतने प्रामाणिकपणे मान्य केलं. "काका, माझं चुकलं. आणि गंमत म्हणजे साडेनऊला लोक जात नाहीत. दुपारी एकपर्यंत पेट्या आपल्याच चॅनलवर. चार-चार, पाच-पाच तास! मी असं कुठेच पाहिलेलं नाही."

भाऊ हसले. पेढा तोंडात घातला. मग त्यांचं चावणं थांबलं.

"एकपर्यंत?"

साडेनऊ ते एक या वेळेला भाऊंच्या कागदावर एकच शब्द असायचा, 'पडीक'. त्या वेळेत कोणी बघत नाही असं धरून ते जुनी गाणी आणि एक कीर्तन सलग लावून द्यायचे. जाहिरातवाले ती वेळ फुकट दिली तरी घेत नसत, त्यामुळे मध्ये ना जाहिरात, ना निवेदन. आणि ती पडीक जमीन एवढी पिकली कशी?

अभिजीत खाली गेल्यावर भाऊ मला म्हणाले, "बाई, रातपाळीचा माणूस एकपर्यंत टीव्ही बघत बसला तर तो झोपतो कधी? संध्याकाळी सातला परत सांच्यावर उभा राहायचं असतं त्याला. काहीतरी चुकतंय."

"भाऊ, निकाल तुमच्या बाजूने लागलाय. आता कशाला उकरायचं?" मी म्हटलं. मी खरोखर तसं म्हटलं. मला शाळेत पासष्ट पोरं, घरी सासूबाई, आणि माझी स्वतःची पाठ धरलेली. दुसऱ्याच्या यशात खोट काढायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

पण ज्या माणसाने पाव चमचा मिठावरून घर डोक्यावर घेतलं, त्याला साडेतीन तासांचा हिशेब लागत नसताना झोप कशी येणार? "तुम्ही चला माझ्याबरोबर," ते म्हणाले. "मी एकटा सकाळी दहाला कोणाच्या घरात डोकावलो तर जोडे खाईन. तुम्ही शाळेच्या बाई. दार उघडतील."

दुसऱ्या दिवशी बातम्या आधीच वाचून टाकल्या आणि आम्ही रिक्षाने डिंडोलीला गेलो. तिथे आमच्या भागातली बरीच माणसं राहायला गेली आहेत. रांगेने एकसारखी घरं, पुढे ओटा, ओट्यावर पाण्याचं पिंप. खाती इथून लांब आहेत, त्यामुळे लिंबायतमध्ये भिंतीतून येतो तसा खटखटाट इथे नाही. पण गल्लीत शिरलो आणि भाऊ थांबले. पहिल्या घरातून गाणं येत होतं, आमचं. दुसऱ्या घरातून तेच गाणं. समोरच्या दोन घरांतून तेच, वर मोठ्या आवाजात. अख्खी गल्ली आमचं चॅनल लावून बसली होती. भाऊंचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, बरं झालं आले. "ऐका बाई," ते एवढंच म्हणाले.

रघुनाथ सोनवणे यांचं घर चौथं. रघुनाथ हे भाऊंचे सांच्यावरचे जुने जोडीदार, शेजारी शेजारी उभे राहून दोघांनी दहा वर्षं काढली होती. दार उघडंच होतं. त्यांच्या पत्नी शांताबाई दाराशी उजेडाला साडी घेऊन स्टोन लावत बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्या उठायला लागल्या. आत टीव्ही दणक्यात चालू, आणि टीव्हीपासून दोन हातांवर, सतरंजीवर, रघुनाथभाऊ उताणे पडून तोंड उघडं टाकून झोपले होते. घोरणं त्या गाण्यातूनही ऐकू येत होतं.

"अरे, एवढ्या आवाजात!" म्हणत भाऊ आवाज कमी करायला वाकले.

"हात नका लावू भाऊ!" शांताबाई साडी टाकून धावल्या. "बंद करा का ऊठी बसस तो!"

मग त्यांनी आम्हाला ओट्यावर बसवून आपल्या अहिराणीत सांगितलं. लिंबायतला होते तोवर खोलीखालीच खातं होतं, रात्रंदिवस खटखट. त्या आवाजात नवरा मेल्यासारखा झोपायचा. इथे आले तर शांतता. पहिले आठ दिवस डोळ्याला डोळा नाही. पडला की दहा मिनिटांनी दचकून उठायचा, सांचा बंद पडला म्हणायचा. सांच्यावरच्या माणसाचं असंच असतं, सांचा थांबला की मजुरी थांबते, म्हणून झोपेतही कान तिकडेच. शेवटी एक दिवस टीव्ही चालू राहिला आणि हा एकपर्यंत झोपला. तेव्हापासून हेच. शेजारणीने पाहिलं, तिनेही सुरू केलं. मग तिच्या पलीकडच्या स्वातीने.

"पण हेच चॅनल का?" भाऊंनी विचारलं.

शांताबाई भाबडेपणाने म्हणाल्या, "दुसरा चॅनलवर जाहिरात उनी का एकदम वरडतस, तो जागा व्हई जास. तुमनं बरं शे भाऊ. मझार काहीच घडत नही."

मध्ये काहीच घडत नाही! त्या बाईने मनापासून कौतुक केलं होतं. भाऊंनी मान डोलावली. मग त्यांनी विचारलं, आणि ते विचारायला त्यांना किती जड गेलं ते मला दिसत होतं, "आणि आठला? नक्कल लागते ती? ती तरी बघतो का?"

"ती देखस ना! जेवता जेवता देखस. मुकादम उना का एवढा हासस, घास अडकस त्याना. ती सरनी का हात धोयी आडवा."

म्हणजे वीस मिनिटं. दीड तासातली वीस मिनिटं खरी होती, बाकी सकाळभर आमचं चॅनल झोपलेल्या माणसांसमोर वाजत होतं. आम्ही आणखी तीन घरं पाहिली. स्वातीचा तरणाताठा नवरासुद्धा तसाच, हातातला मोबाइल छातीवर पडलेला, आणि टीव्हीत आमचे कीर्तनकार जीव तोडून सांगताहेत. त्यापुढच्या घरात जायला भाऊ तयार झाले नाहीत.

मला त्यांची दया आली आणि थोडा रागही आला, की सांगितलं होतं उकरू नका. परत येऊन रिक्षातून लिंबायतला उतरताना मी म्हटलं, "भाऊ, झाकली मूठ. अभिजीतला यातलं काही कळायची गरज नाही. पेट्या चालू आहेत, कार्यक्रम चालू राहील. कोणाचं काही बिघडत नाही."

"हो," ते म्हणाले. पण तो हो कसला होता ते मला माहीत होतं.

सोमवारी अभिजीतने आम्हा सगळ्यांना बोलावलं. फळा पुसून नवा केला होता आणि सकाळी आठ ते दुपारी एक अख्खा तुकडा निळा रंगवला होता. तो खूश होता. पाच तास हलत नाही असा प्रेक्षक म्हटल्यावर जाहिरातवाले रांग लावणार, दर सात मिनिटांनी जाहिरात, आणि तेलवाल्यांना मधला अर्धा तास, अकरा ते साडेअकरा. 'सुटली पाळी' जागच्या जागी राहील, काकांना दिलेला शब्द.

भाऊ उठून उभे राहिले. "साहेब, ते बघत नाहीत. ते झोपतात."

त्यांनी सगळं सांगितलं. घरं, सतरंज्या, घोरणं, शांताबाईंचं म्हणणं, सगळं. स्वतःच्या पायावर एवढा निवांतपणे धोंडा पाडून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. अभिजीत शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "काका, पण पेटी चालू असते ना?"

"असते."

"मग झालं. जाहिरातवाल्याला पेटी दिसते. झोपलाय की जागा आहे हे कोणालाच दिसत नाही. मोठ्या शहरांत तरी काय वेगळं असतं?"

मी भाऊंकडे पाहिलं. एकोणीस वर्षं कोण केव्हा मान वर करतो आणि केव्हा खाली घालतो एवढंच पाहणारा हा माणूस, आणि त्याला सांगितलं जात होतं की ते पाहायची गरजच नाही. मला वाटलं आता ते चिडतील, निदान राजीनाम्याची भाषा तरी करतील. ते तसे चिडलेच नाहीत. थकल्यासारखे खुर्चीवर टेकले आणि अंगठा आणि बोटांनी कपाळ चोळत म्हणाले, "दर सात मिनिटांनी तुमची जाहिरात ओरडली तर तो दर सात मिनिटांनी उठेल. दिवसा झोप नाही झाली तर पहाटे सांच्यावर डुलकी लागते. मग काय होतं ते मी सांगू?" त्यांनी हात वर केला नाही, काही नाही. पण अभिजीतची नजर त्या हातावर गेली.

"काका, माझ्यावरही वरून दबाव आहे," तो म्हणाला. "सकाळी काहीतरी विकलं गेलंच पाहिजे. तेलवाल्यांना वेळ हवी आहे. कुठली देऊ? तुम्हीच सांगा."

भाऊंनी दिपालीकडे कागद मागितला. रेघा मारल्या. मग म्हणाले, "ते जागे असतात ती एकच वेळ आहे. आठ ते आठ वीस. जेवत असतात, समोर बघत असतात. जे काय विकायचं ते तेव्हा विका. आणि आठ वीसपासून एकपर्यंत मध्ये काही घालायचं नाही. बातमी नाही, नक्कल नाही, जाहिरात नाही. सलग गाणी, एका आवाजात. मोडलं तर ती बाई चॅनल बदलेल आणि तुमचे आकडेही जातील."

"पण आठ ते आठ वीसला तुमची नक्कल आहे," मी म्हणाले. न राहवून म्हणाले.

"तीच म्हणतोय बाई."

"मग नक्कल दुसरीकडे घ्या. रात्री लावा."

"रात्री तो खात्यात असतो."

अभिजीतला सौदा पटला. वीस मिनिटं जागा प्रेक्षक ही गोष्ट त्याने तेलवाल्यांना कशी विकली असेल कोण जाणे, पण विकली. भाऊंनी नवा कागद स्वतःच्या हाताने लिहिला. आठ, तेल. आठ वीस, गाणी. गावच्या बातम्या दुपारी माझ्या बातम्यांच्या शेपटीला बांधल्या. आणि नंतरचे दोन दिवस ते कानाला हेडफोन लावून एकेक गाणं तपासत बसले. मध्येच शिट्टी असलेलं, ढोल एकदम वाजणारं, टाळ्यांचं, अशी चाळीसेक गाणी त्यांनी काढून टाकली. दोन गाण्यांमध्ये शांतता राहते ती दिपालीकडून कापून घेतली. एवढं बारकाईचं काम त्यांनी 'सुटली पाळी'साठीसुद्धा केलं नव्हतं, आणि हे तर कोणी ऐकू नये म्हणून चाललं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पदराने पुसलं आणि शाळेला गेले.

महिन्याभराने, एका संध्याकाळी, सासूबाईंची औषधं घेऊन मी डिंडोलीच्या रिक्षा स्टँडवर उभी होते. भाऊही होते, मुलीला पाठवायचं काही सामान घेऊन. साडेसहा वाजले असतील. रातपाळीची माणसं डबे घेऊन शेअर रिक्षात बसत होती. त्यातून रघुनाथ सोनवणे तरातरा आमच्याकडे आले. माणूस ताजातवाना दिसत होता, दाढी केलेली, डोळे स्वच्छ.

"का रे आनंदा," त्यांनी ना नमस्कार ना चमत्कार, एकदम सुरुवात केली, "तुना तो मुकादम कोठे गया? कोनी बंद करा तो कार्यक्रम?"

भाऊंनी हातातलं सामान खाली ठेवलं.

"तठे तू बठेल शे, आनि तुले काही सांगता येत नही त्यासले? आते जेवताना काय देखू मी, तेलनी बाटली? दिवसभरमा तेवढंच हासू येत होतं माले." ते खरंच रागावले होते. मी तोंड उघडलं, कोणी बंद केला आणि कशासाठी ते सांगायला. भाऊंनी नजरेनेच मला अडवलं.

"झोप लागस का?" भाऊंनी विचारलं.

"झोपनं काय? लागस ना. एक वाजालोंग हालत नही मी. पन मी कार्यक्रमनं इचारी राहिनू!"

रिक्षावाल्याने हॉर्न दिला, एक जागा उरली होती. "मंग बरं शे," भाऊ म्हणाले, आणि रघुनाथभाऊंना आत सरकायला जागा व्हावी म्हणून त्यांचा डबा त्यांनी हातात धरला.